बसलेल्या माणसाची उंची

आमच्याकडे स्कूटरची सीट शिवून घ्यायला एक गृहस्थ येतात. ते दरवर्षी दिवाळी अंक काढतात. यंदा त्यांनी ह्यांना सांगितलं, तुमच्या धंद्यावर चार पानं लिहून द्या, लोकांना असलं वाचायला आवडतं. हे म्हणाले, "मी नुसता पाना फिरवतो. काम हिचं आहे, हिला विचारा." मी मशीनवर होते. मी मान खाली घातली आणि पाय चालवत राहिले. ते आणखी आग्रह न करता गेले. सभ्य गृहस्थ आहेत.

पण नंतर मनात तेच घोळत राहिलं. मी चौथीपर्यंत शिकले. वाचायची सवय आहे, लिहायची नाही. लिहीन ते त्यांना द्यायचं नाही असं आधीच ठरवून बसले आहे, म्हणून जरा मोकळं लिहिता येईल.

शाळेतून काढलं ते मी मठ्ठ होते म्हणून नाही. मी वर्गात सगळ्यांत उंच होते, मुलांपेक्षाही. तपासणीला साहेब आले तेव्हा त्यांनी मला वर्गात झाडायला आलेली बाई समजून बाजूला व्हायला सांगितलं. बायका आईला विचारायच्या, एवढी घोडी झाली, अजून शाळेत कशी? आईनं एक दिवस दप्तर माळ्यावर टाकलं. मला वाटलं, आपणच काहीतरी चुकीचं केलंय. वाढणं थांबवायला हवं होतं, ते जमलं नाही.

लग्नात अंतरपाट धरला तेव्हा मला त्याच्या वरून पलीकडचे सगळे दिसत होते. नवरामुलगाही दिसत होता, म्हणजे त्याचा मुंडावळ्या बांधलेला माथा. मंगलाष्टकं चालू असताना मी लुगड्याच्या आत हळूच गुडघे वाकवले. अंतरपाट दूर झाला आणि ह्यांनी हार घातला. तेव्हापासून ह्यांच्या शेजारी उभी राहिले की माझे गुडघे आपोआप वाकतात. लुगडं गेलं, पाचवारी साडी आली, पण बाईचे गुडघे कुणाला दिसत नाहीत हे एक बरं आहे.

आता धंद्याबद्दल. आमचं दुकान कसबा पेठेत, गल्लीच्या आत. मी नवी आले तेव्हा रिक्षाच्या, टेम्पोच्या, स्कूटरच्या सीटा यायच्या. मोटार क्वचित, तीही डॉक्टरांची नाहीतर वकिलांची. मग एकाएकी गाड्या वाढल्या. ज्यांच्या वडिलांनी जन्मभर सायकल मारली ती मुलं हप्त्यावर गाडी घेऊन यायला लागली. गाड्या छोट्या आणि छत बुटकं. ज्यांनी त्या आखल्या त्यांनी मधल्या उंचीचा माणूस धरला असणार. त्याहून उंच असेल त्यानं मान वाकडी करून चालवायची, नाहीतर आमच्याकडे येऊन सीट खाली घ्यायची.

सीट खाली घेतात म्हणजे काय करतात ते सांगते. सीटचा लोखंडी सांगाडा असतो. त्यावर स्प्रिंगा, स्प्रिंगांवर तरट, तरटावर फोम आणि वर कव्हर. सांगाडा ज्या रुळांवर पुढेमागे सरकतो ते रूळ गाडीच्या तळाला बोल्टनं आवळलेले असतात. रुळाखाली पॅकिंग असलं तर ते काढून थोडं खाली येता येतं. ते ह्यांचं काम. बाकीचं फोममधून काढायचं, ते माझं. फोम वरून कधी कापायचा नाही, खालून कापायचा. वरून कापला की बसायचा आकार जातो आणि माणूस पुढे घसरत राहतो. फार कापला तर स्प्रिंगा टोचतात, आणि कापलेला फोम काही परत वाढत नाही. म्हणून आधी पातळ फोम तात्पुरता घालून माणसाला बसवून बघायचं. डोकं आणि छत यांच्यामध्ये मूठ मावली पाहिजे, म्हणजे खड्ड्यात डोकं आपटत नाही. आणि पुढचा रस्ता दिसला पाहिजे. त्यासाठी बोनेटच्या पुढे थोड्या अंतरावर आम्ही पाण्याची बादली ठेवतो. बसल्या जागेवरून बादली दिसली की झालं.

आणखी एक गोष्ट, जी शिंप्याला माहीत असते आणि आम्हाला. माणसाची उंची दोन ठिकाणी असते, कमरेच्या खाली आणि कमरेच्या वर. उभं राहिलं की दोन्ही मिळून दिसतात. गाडीत वरचीच तेवढी लागते. लांब पायांचा माणूस बसला की लहान होतो. आखूड पायांचा, लांब पाठीचा माणूस बसला की मोठा होतो. त्यामुळे दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे बघून काही ठरवायचं नाही. त्याला आधी बसवायचं.

पण गिऱ्हाईक थांबत नाही. गाडी ठेवून कामाला जातं. मग कुणाला बसवायचं, हा प्रश्न पडला तो एका फौजींच्या वेळी. ते खडकवासल्याच्या बाजूला राहायचे. आमच्या दुकानात शिरताना त्यांना वाकावं लागलं. ह्यांनी सीट खाली केली, स्वतः बसून बघितली आणि गाडी दिली. दुसऱ्या दिवशी फौजी परत हजर. डोकं छताला घासतंय म्हणाले. हे परत आत बसले आणि म्हणाले, "मला तर ऐसपैस वाटतंय, साहेब."

"मग माझ्याऐवजी तुम्हीच चालवा गाडी."

ह्यांना ते लागलं. गाडी ठेवून घेतली, फौजी रिक्षानं गेले. हे दारातून आत वळले. मग मशीनजवळ येऊन माझ्याकडे असं बघायला लागले, जसं आधी कधी बघितलंच नव्हतं. म्हणाले, जरा बाहेर ये, त्या सीटवर बस.

मला वाटलं शिवण उसवली असेल. बसल्यावर कळलं, की शिवण नाही, मी हवी होते. दुकानात सगळ्यांत उंच मीच. दार उघडं, पाय गल्लीतून दिसतायत, समोर ते चाक, आणि ह्यांनी आपली मूठ माझ्या डोक्यावर ठेवली. भर दुपारी, कसब्यातल्या गल्लीत, नवऱ्यानं बायकोच्या डोक्यावर मूठ ठेवून उभं राहायचं. समोर नाना पातेलं ठोकत बसले होते. ते तांबट, आमचे जुने शेजारी. हातोडी न थांबवता म्हणाले, "काय वहिनी, कात्रज घाट का खंबाटकी?"

मी सीटमध्ये मुरले. दुसरा शब्द नाही त्याला. पाठ गोल केली, मान खांद्यात घेतली. मूठ अगदी व्यवस्थित मावली. हे खूश झाले आणि गाडी दिली.

फौजी परत आले. डोकं लागतच होतं. आणखी फोम काढला. परत मला बसवलं, परत मी मुरले, परत मूठ मावली. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी आवाज चढवला नाही. विचारलं, मोजता कशावर? ह्यांनी अभिमानानं माझ्याकडे हात केला आणि सांगितलं, ही आमची पट्टी. फौजी म्हणाले, दाखवा. मी बसले. ते गाडीच्या बाजूला उभे राहून बघत राहिले आणि मग फार हळू आवाजात, मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाले, "वहिनी, ताठ बसा. इथे कुणी मारत नाही."

मी ताठ बसले. डोकं छताला लागलं.

 हे रागावले नाहीत. चहा पिताना म्हणाले, "तू वाकलीस की गिऱ्हाईक वाकतं. एवढं लक्षात ठेव." त्यानंतर मी सीटवर ताठ बसायला शिकले. उठल्यावर लगेच होते तशी होत असे, पण बसेपर्यंत ताठ. मला गाडी चालवता येत नाही, कुणाच्या गाडीतून फारशी हिंडलेही नाही, पण पुण्यातल्या पुष्कळ गाड्यांच्या चाकामागे मी बसले आहे, इंजिन बंद असताना.

याची सवय झाली असं मात्र नाही. प्रत्येक वेळी लाज वाटायची. एकदा मांजरी गावचे एक बागाईतदार आले. उसाच्या जमिनीतला एक तुकडा घरं बांधणाऱ्यांना विकून त्यांनी गाडी घेतली होती. त्यांचं डोकं लागत नव्हतं, टोपी लागत होती. पांढरी, कडक इस्त्रीची. ह्यांनी सुचवलं, गाडीत बसताना टोपी काढून ठेवली तर?

ते म्हणाले, "टोपी हाय तितंच ऱ्हाईल. सीट खाली घ्या."

कामात हे असे गुंगतात, की पुढचा माणूस कोण आहे हे विसरतात. मला सीटवर बसवलं, मूठ ठेवली, मग म्हणाले, असं नाही कळायचं, मालक, टोपी द्या जरा. आणि टोपी घेऊन माझ्या डोक्यावर ठेवायला निघाले. मी पदर घट्ट धरला. गल्लीत दोन-चार माणसं जमली होतीच. नानांची हातोडी थांबली, म्हणजे काय ते समजावं. पण त्या बागाईतदारांनी ह्यांचा हात धरला. "आवो, मालकीणबाईंच्या डोक्याव टोपी? आसं नगा करू. मी बसतो की दिसभर." आणि ते खरोखरच दिवसभर बसले. पानाची चंची सोडून, नानांशी गप्पा मारत. मला त्यांचे आभार मानायचे होते. ते निघाले तेव्हा मी आत मशीनवर होते आणि बाहेर आले नाही.

आता जे सांगायचं म्हणून लिहायला बसले ते सांगते.

हिंजवडीला कंपन्या आल्यानंतरची गोष्ट. आमच्याकडे मुलीही गाड्या घेऊन यायला लागल्या होत्या. त्यांतली एक पल्लवी. अमरावतीकडची, कंपनीत नोकरीला, गाडी स्वतःच्या पगारातून घेतलेली. हे रेक्झिन आणायला रविवार पेठेत गेले होते आणि मी एकटी होते. ती गाडीतून उतरली आणि मी मनात म्हटलं, अगं बाई. माझ्याएवढी. तिच्या पायात अगदी पातळ, सपाट चपला होत्या.

मला म्हणाली, काकू, ड्रायव्हरची सीट चार बोटं खाली पाहिजे. मी म्हटलं, बसा आधी. ती बसली. डोक्यावर मूठ मावून वर जागा उरत होती. तसं मी तिला सांगितलं, तुमचं डोकं कुठे लागतंय? तिनं ते ऐकलंच नाही. "करून द्या न काकू. रविवारच्या आत."

गिऱ्हाईक म्हणेल ते करायचं, अशी माझी रीत. बोलून वाद घालण्यापेक्षा करून देणं सोपं. मी फोम काढला, पातळ फोम घातला आणि तिला बसवलं. बोनेटपुढे बादली ठेवली. दिसते का विचारलं. दिसते म्हणाली. पण तिची हनुवटी वर गेली होती आणि डोळे बादलीवर नव्हते, दुकानाच्या पाटीवर होते. मी वाकून बादली उचलली, गाडीच्या आडून बाजूला आणली आणि तिथूनच परत विचारलं.

"आता दिसते?"

"दिसते न काकू. मस्त दिसते."

मी बादली हातात घेऊन तिच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. तिनं माझ्याकडे बघितलं, बादलीकडे बघितलं. आपलं चोरलेलं कुणी उघड केल्यासारखा तिचा चेहरा झाला. मला वाटलं मी हे करायला नको होतं.

मग ती बोलली. सीटवर बसूनच, चाकाकडे बघत. लग्न ठरलं होतं. मुलगा पुण्यातला, इथल्याच पेठेतला, मंदार नाव. तिच्यापेक्षा बोटभर कमी उंच. त्याला काही वाटत नव्हतं, निदान तो तसं काही बोलला नव्हता. पण साखरपुड्याला त्याची आई चार बायकांत म्हणाली, "उंच आहे ते बरं झालं. पंखे पुसायला स्टूल लागायचं नाही." सगळ्या हसल्या. पल्लवीही हसली. येत्या रविवारी बस्त्याच्या खरेदीला तिच्या गाडीतून जायचं होतं. मंदार तिच्या गाडीत पहिल्यांदाच बसणार होता. तो शेजारी, आई मागे. "पूर्ण वेळ त्या मागून पाहतील न काकू. उभी असली तर मी वाकते थोडी. गाडीत कशी वाकू? मी काहून इतकी वाढली?"

मी आयुष्यात गिऱ्हाइकाशी कामापलीकडे बोलले नव्हते. तोंडातून कसं बाहेर पडलं मला माहीत नाही.

म्हटलं, "मी लग्नाच्या दिवसापासून गुडघे वाकवून उभी आहे. पण मला रस्ता बघायचा नव्हता. तुला बघायचाय."

तिनं डोळे पुसले. समोर नाना होते, पण हातोडीच्या आवाजात त्यांना काही ऐकू गेलं नसावं. गेलं असेल तर त्यांनी ते कधी दाखवलं नाही. थोड्या वेळानं पल्लवी म्हणाली, "मग शेजारची सीट वर होते का? चार बोटं?"

मला केवढं सुटल्यासारखं वाटलं. अगदी सोपी गोष्ट. शेजारी बसणाऱ्याला रस्ता बघायचा नसतो. तिला वाकायला नको, त्याला कमी दिसायला नको, त्याच्या आईला बोलायला काही उरायला नको. मी लगेच हो म्हटलं. तिचा फोम होता तसा परत बसवला. शेजारच्या सीटमध्ये खालून कडक फोमचा थर घातला, कव्हर थोडं वाढवून असं शिवलं, की शिवण शोधून सापडू नये. पुढचं घडलं नसतं तर ही शिवण मी अजूनही माझ्या चांगल्या कामांत धरली असती. ह्यांना संध्याकाळी सांगितलं, एका मुलीची सीट करून दिली. कुणाची कोणती ते सांगितलं नाही.

रविवार गेला. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी गाडी परत आमच्या दारात. पल्लवी उतरली, आणि शेजारच्या बाजूनं एक मुलगा उतरला. गोरा, चष्मा, कपाळावर केसांच्या कडेला टेंगूळ. मी टेंगूळ बघितलं आणि मला सगळं कळलं. 

झालं ते तिनंच सांगितलं. सांगताना हसू आवरत नव्हतं, आणि मला तिच्या हसण्याचीही भीती वाटत होती. लक्ष्मी रोडच्या अलीकडे स्पीडब्रेकर आला आणि मंदारचं डोकं छतावर आपटलं, दोनदा. चष्मा खाली पडला. तो शोधायला तो वाकला, आणि मागून आईनं विचारलं, "अरे, तू एकाएकी एवढा वाढलास कसा? हिच्या डोक्यावरून मला रस्ता दिसतोय, तुझ्यावरून दिसत नाहीये." मग पल्लवीला राहवेना. तिनं गाडी कडेला घेतली आणि खरं सांगून टाकलं, त्याच्या आईसमोरच.

हे तोवर बाहेर आले होते आणि काहीच न कळून उभे होते. मंदार माझ्याकडे वळला. आवाज अगदी सभ्य, पेठेतला.

"काकू, डोकं माझं, सीट हिची. मोजमाप कुणाचं?"

 दोघं हसली आणि ह्यांना शेजारची सीट दाखवायला गाडीशी गेली. हे मी खालून घातलेला जादा थर काढायला लागले. काढून झाल्यावर मंदार आधीसारख्या झालेल्या सीटवर बसला, पल्लवी चाकामागे बसली, आणि मी समोरच्या काचेतून बघितलं. दोघांची डोकी एका रेषेत होती. तो आखूड पायांचा होता, पाठीनं लांब. बसल्यावर तिच्याएवढाच, थोडा जास्तच असेल. तिला सीट खाली घ्यायची गरज नव्हती आणि त्याची वर घ्यायचीही गरज नव्हती. ज्या एका गोष्टीवर आमचा धंदा चालतो, गिऱ्हाइकाला आधी बसवायचं, ती मी केली नव्हती. ह्यांनी केली असती. कुणीही केली असती. ती मुलगी म्हणाली तो कमी उंच आहे, आणि मी पुढे एक शब्द विचारला नाही, कारण मला तो दिसतच नव्हता. मला अंतरपाट दिसत होता. मंदारनं विचारलं मोजमाप कुणाचं, तर ते माझं होतं. माझंच माप मी त्या मुलीला लावलं आणि मुलाचं डोकं फोडलं.

मी त्याला तसं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "मी बसवून बघायला हवं होतं. चुकलं."

"चुकलं ते ठीक आहे," तो म्हणाला. "आईचं मनावर घेऊ नकोस, असं हिला सांगितलंय. ती पंख्यालाही बोलते. पण साखरपुड्याला मी तिथेच होतो आणि गप्प बसलो, ते मात्र शिवण घालून झाकण्यासारखं नव्हतं." असं म्हणून तो पल्लवीकडे न बघता चष्मा पुसायला लागला. पल्लवीनं त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग होता, थोडा. लग्न मोडण्याएवढा नव्हता, पण तो तिनं जपून ठेवला असता तर मला नवल वाटलं नसतं.

आईनं रविवारी पुढे काय केलं ते मी विचारलं नाही. पल्लवी आपणहून बोलली, की मंदारच्या आई साडीच्या दुकानात पोहोचेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत, आणि पोहोचल्यावर पहिली साडी तिच्या अंगावर धरून दुकानदाराला म्हणाल्या, "हिला काठ मोठा लागेल. उंचीला शोभतो." यातलं टोचून बोलणं कोणतं आणि माघार कोणती ते कळायला पुण्यात जन्मावं लागतं. मी जन्मले नाही, पल्लवीही नाही. ती म्हणाली, मी ते चांगल्या अर्थानंच घेतलं, काकू.

काम झालं. हे हात धुवायला वर गेले. आमच्या गल्लीत गाडी वळत नाही, मागेच काढावी लागते, आणि कोपऱ्यावर रस्त्याची गर्दी, त्यामुळे कुणीतरी मागे उभं राहून सांगावं लागतं. ते काम ह्यांचं. मंदार उतरायला लागला, तर पल्लवी म्हणाली, तू बस, तुला इथलं कळणार नाही, काकू पाहतील.

मी कोपऱ्यावर गेले. नेमकी तिथे नानांच्या मालाची हातगाडी उभी होती, पातेल्यांची रास वर दोरीनं बांधलेली. तिच्या पलीकडे उभं राहिल्याशिवाय रस्ता दिसत नव्हता. मी पलीकडे गेले आणि नेहमीसारखी उभी राहिले. गाडी दोन हात मागे आली आणि थांबली. खिडकीतून पल्लवीचं डोकं बाहेर आलं.

"काकू, दिसत नाही तुम्ही. नीट उभ्या राहा न."

रस्त्यावर माणसं होती. बँकेतून घरी निघालेले, भाजी घेऊन जाणाऱ्या बायका, ओळखीचे चेहरे. नानांची हातोडी थांबली होती. मला वाटलं ह्यांना हाक मारावी. पण गाडी गल्लीत मध्येच थांबलेली, आणि मागून एक रिक्षा शिरायला बघत होती.

मी गुडघे सरळ केले. पातेल्यांच्या वर माझं डोकं आलं, मग खांदे. इतकी वर्षं त्या गल्लीत राहून तिथून रस्ता असा दिसतो हे मला माहीत नव्हतं. रिक्षावाल्यानं माझ्याकडे बघितलं आणि ब्रेक मारला.

नाना म्हणाले, "वहिनी, रिक्षा थांबवलीत. आता ट्रॅफिक पोलिसात जा."

लाज वाटली. तोंड गरम झालं, कान गरम झाले. तरी मी हात वर केला आणि मोठ्यांदा ओरडले, "येऊ दे. येऊ दे. सरळ येऊ दे." गाडी हळूहळू मागे यायला लागली. ती रस्त्याला लागून तोंड वळवेपर्यंत मी तशीच उभी राहिले. मध्येच वाकले असते तर तिला दिसले नसते.